केळीच्या सोपटाचा अंतरपाट

माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेव अंतरपाटाला चिकटला होता. किती वेळ, याबद्दल घरात मतभेद आहेत. माझ्या मते दोन मिनिटं, आक्काच्या मते पंधरा. व्हिडिओवाल्याकडे नक्की आकडा मिळेल, पण ते चित्रीकरण मी आजवर पूर्ण पाहिलेलं नाही. (एकदा प्रयत्न केला. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावत येतो, तिथं बंद केलं.)

मी कोण, ते आधी सांगतो. कोल्हारजवळच्या एका हायस्कुलात मी तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. म्हणजे प्रयोग सर करायचे आणि परीक्षानळ्या मी धुवायचो. निवृत्त झालो आणि तीस वर्षं दाबून ठेवलेला शास्त्रज्ञ एकदम बाहेर आला! पहिल्यांदा अळिंबी लावली. ती उगवली, पण माझी बायको मंगल हिच्या साड्यांच्या कपाटात. मग गांडूळखताचा खड्डा केला. एका पावसात सगळी गांडुळं सहकुटुंब शेजाऱ्यांच्या अंगणात राहायला गेली, आणि शेजाऱ्यांच्या सूनबाई माहेरी. तेव्हापासून ‘अशोकचा प्रयोग’ एवढं नुसतं म्हटलं, तरी आमच्याकडे लोक आपापल्या वस्तू उचलून वर ठेवायला लागले.

एकटी ऋतुजा तेवढी माझ्या बाजूची. माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आक्काची मुलगी. तिनं शेतीची पदवी घेतली आहे. एक दिवस ती मला म्हणाली, "मामा, राहुरीला तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे. केळीच्या बुंध्यापासून धागा आणि कापड. येता का?"

येता का! मी पायांत चपला घालूनच विचारलं, "कधी?"

त्या तीन दिवसांत माझं डोकं फिरलं. आमच्या भागात केळीचा घड उतरवला की उरलेला बुंधा तोडून बांधावर फेकतात. तिथं तो सडतो, त्यावर चिलटं घोंगावतात, आणि शेतकरी त्याला शिव्या देतो. फार तर फुलवाले त्याचं सोपट, म्हणजे बुंध्याचे पापुद्रे, वाळवून हार बांधायला नेतात. त्या सोपटातून रेशमासारखा चमकणारा धागा निघतो, हे मला साठी जवळ येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं! आणि त्या धाग्याचं कापड जुनं झालं की मातीत पुरायचं. सहा महिन्यांत गायब! माती ते खाऊन टाकते. मागं चिंधी नाही, कचरा नाही, काही नाही. मी परतीच्या एसटीत शेजारच्या प्रवाशाला हे सगळं समजावून सांगितलं. तो लोणीला उतरणार होता, तो आधीच उतरला.

त्याच महिन्यात ऋतुजाचं लग्न ठरलं. मुलगा श्रीरामपूरचा, नाव प्रतीक. नोकरी चांगली, स्वभाव चांगला आणि दाढी तर फारच चांगली. अगदी कोरून राखलेली, तेल लावून विंचरलेली. (दाढीचं मी उगाच सांगत नाही. ती लक्षात ठेवा.)

आणि ऋतुजा भर बैठकीत म्हणाली, "मला मामांकडून काही नको. फक्त अंतरपाट मामांच्या हातचा हवा. आपल्या केळीच्या धाग्याचा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आक्काच्याही डोळ्यांत आलं, पण तिचं कारण वेगळं होतं.

"अंतरपाट? ह्याच्या हातचा?" आक्का उठून उभी राहिली. "ऋतू, लग्न आहे हे, विज्ञान प्रदर्शन नाही!"

"आई, कापडच तर आहे."

"ह्याची गांडुळंसुद्धा गांडुळंच होती! आणि त्या मुलाच्या आत्याबाई पाहिल्यास ना? सगळं घर त्यांच्या शब्दावर चालतं. साखरपुड्यात निरांजन जरा फडफडलं, तर अर्धा तास गप्प बसल्या होत्या. मध्येच तो अंतरपाट फाटला, तर अपशकुन म्हणून बाई मांडव सोडून जाईल!"

"आक्का, फाटणार नाही. केळीचा धागा तुटता तुटत नाही," मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

आक्का परत खाली बसली. मग शांतपणे म्हणाली, "बरं. कर. पण काही विपरीत घडलं ना अशोक, तर ह्यापुढं माझ्या घरच्या कुठल्याही कार्यात तू फक्त जेवायला यायचं. कशाला हात लावायचा नाही."

मी कबूल झालो. मला त्या क्षणी अंतरपाट दिसत होता, बाकी काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बांधाबांधावरून बुंधे गोळा करायला लागलो. शेतकरी खूश! जो कचरा टाकायला त्यांना माणूस लावावा लागे, तो एक निवृत्त माणूस स्वतःच्या खांद्यावरून नेत होता. अंगणात फळी तिरपी टेकवून मी सोपटं खरवडायला बसलो. खरवडायला बोथट पातं लागतं. ते नव्हतं, म्हणून मंगलचं उलथनं घेतलं. केळीचा रस कपड्यावर पडला की त्याचा डाग जन्मात जात नाही, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण तेव्हा मी बहुधा चहा घेत होतो. आठवड्याभरात माझे तिन्ही सदरे, दोन लेंगे आणि मंगलचं उलथनं एकाच रंगाचे झाले.

"अहो," मंगल म्हणाली, "त्या कापडाचं व्हायचं ते होवो, पण ह्या डागांना तुमची ती माती खाईल का?"

धागा निघाला, तो मात्र अप्रतिम! उन्हात धरला की लखलखायचा. आता तो सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करायचा होता. एवढं मोठं भांडं घरात कुठून असणार? पण आमच्या गावाबाहेर गुऱ्हाळ आहे. तिथले गुळवे म्हादूनाना. उसाचा रस काहिलीत उकळताना नुसत्या वासावरून गूळ कधी उतरवायचा, ते सांगणारा माणूस. त्यांच्या शेडमागं एक जुनी, कामातून गेलेली काहील पडली होती. ती मी मागितली.

"घ्या की सर," नाना म्हणाले. हायस्कुलात काम केलेल्या प्रत्येकाला ते सर म्हणतात. "पर शिजवनार काय?"

"धागा, नाना."

"खायाचा?"

"नेसायचा!"

नानांनी काहील ओढत बाहेर काढून दिली. दुपारी काहिलीखाली जाळ केला, आणि तासाभरात असा काही वास सुटला, की नाना डोक्याचा रुमाल नाकाला बांधून आले. "सर, लई झालं! बैल चारा खाईनात. माझं गिऱ्हाईक माघारी चाललं!"

असा तो धागा मऊ झाला. मग तो जोडून-पिळून, त्याची गुंडाळी करून, मी श्रीरामपूरच्या एका म्हाताऱ्या विणकरबाबांकडे नेला. उभ्याला सूत आणि आडव्याला माझा धागा, असं त्यांनी पंधरा दिवसांत विणून दिलं. घरी आणून मी ते कापड सगळ्यांसमोर झटकून उघडलं. सोनेरी! चकचकीत! केळीच्या कचऱ्यातून आलंय, असं कुणी म्हणणार नाही!

आक्कानं ते हातात घेतलं. दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरलं. मग पलीकडून तिचा आवाज आला.

"अशोक, तुझ्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय."

"हो, काल तुटलं."

"मला दिसतंय ते! ह्या कापडातून दिसतंय!" आक्कानं कापड खाली केलं. "अरे, अंतरपाट कशासाठी धरतात? मंगलाष्टकं होईपर्यंत दोघांनी एकमेकांना पाहू नये म्हणून! ह्यातून तर त्या मुलाच्या दाढीचे केस मोजता येतील!"

"आई, आम्ही रोज व्हिडिओ कॉलवर बोलतो," ऋतुजा म्हणाली.

"ते आत्याबाईंना माहीत नाही! आणि तू गप्प बस!"

लग्नाला आठ दिवस उरले होते. पुन्हा विणायला वेळ नव्हता. आक्कानं त्याच संध्याकाळी दुकानातून लाल स्वस्तिकाचा, जाडजूड, तयार अंतरपाट आणून कपाटात ठेवला. आमच्याकडून निघताना ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं. तिला माझी कीव आली नव्हती, तिची अजूनही खात्री होती. त्यानं मी जास्तच घाबरलो.

भोकं बुजवायची कशानं? घरात साड्यांना साबुदाण्याची खळ करतात, ती केली. कापड कडक झालं, पण भोकं तशीच राहिली. मंगलला वाटलं, मी तिच्या चतुर्थीचा साबुदाणा संपवायलाच हे सगळं काढलंय. मग तांदळाची पेज लावली. वाळल्यावर ती पोपडे धरून गळायला लागली आणि अंगणातल्या कोंबड्यांनी माझा अंतरपाट टोचून टोचून साफ केला. तिसऱ्या दिवशी मी ते कापड खांद्यावर टाकून गुऱ्हाळावर गेलो आणि नानांसमोर मटकन बसलो.

"नाना, ह्याची भोकं बुजतील असं काही आहे का? ओलं असताना चिकट आणि वाळलं की कडक?"

आता मला सांगा, कुणी दुसरा असता तर त्यानं डिंक म्हटलं असतं. कुणी रंगाच्या दुकानात पाठवलं असतं. पण चाळीस वर्षं गुऱ्हाळावर काढलेल्या माणसाला चिकट म्हटलं की जगात एकच गोष्ट आठवते. नानांनी काहिलीतून पळीभर काकवी घेतली, आणखी थोडी आटवली, पोत्याच्या तुकड्यावर ओतली आणि झाऱ्यानं पसरली. पाच मिनिटांत पोतं पत्र्यासारखं कडक! आरपार काही दिसेना!

मी उडीच मारली. "नाना, तुम्ही शास्त्रज्ञ आहात!"

"म्या गुळव्या हाय," नाना म्हणाले.

आणि आता मी कबूल करतो, की नानांवर कसलाही ठपका नाही. ते मला स्पष्ट म्हणाले होते, "सर, एक सांगून ठिवतो. ह्याला दमट हवा चालत न्हाई. पावसाळ्यात गुळाच्या ढेपंला पाझर फुटतो ना, तसं हुईल बगा."

मी हसलो. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस जसा हसेल, तसा हसलो. "नाना, एप्रिल महिन्यात आपल्या नगर जिल्ह्यात दमट हवा यायची कुठून?"

आम्ही दोघांनी मिळून अख्ख्या अंतरपाटाला काकवी चढवली. चुलवाणाच्या धगीवर वाळवली. वर कुंकवानं स्वस्तिक काढलं. ते असं पक्कं बसलं की काही विचारू नका! कापड तांबूस सोन्यासारखं झालं होतं. भिंतीला टेकवून ठेवलं, तर दारासारखं उभं राहिलं. मुख्य म्हणजे संपूर्ण प्रकार नैसर्गिक! केळीचा कचरा आणि उसाची काकवी. रसायनाचा थेंब नाही. मातीत पुरलं तर माती खाईल, आणि आता तर आवडीनं खाईल! आक्काला मी एवढंच म्हणालो, "भोकं बुजवली. नैसर्गिक पद्धतीनं." तिनं डोळ्यांसमोर धरून पाहिलं, तिला काहीच दिसलं नाही, आणि ती पहिल्यांदा हसली.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. श्रीरामपूरचं ते कार्यालय माणसांनी फुलून गेलं होतं. गुरुजींनी अंतरपाट हातात घेतला आणि म्हणाले, "वा! टणक आहे. हा एकट्यानंसुद्धा धरता येईल." आणि प्रतीकच्या आत्याबाई, ज्यांना घाबरून आक्का चार दिवस जेवली नव्हती, त्या पुढं येऊन कापडावर बोट फिरवून म्हणाल्या, "छान आहे हो. रेशीम का?"

"केळीचा धागा," आक्का म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या भावानं केलाय."

माझ्या भावानं केलाय! आक्काच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी इतका फुगलो, की मला आता सगळ्यांसाठी काहीतरी करावंसं वाटायला लागलं. समोर पाहिलं, तर आत्याबाई पदरानं वारा घेत होत्या. नवरदेवाच्या कपाळावरून घाम गळत होता. ‘मामाचं काही कर्तव्य आहे की नाही?’ मी स्वतःलाच विचारलं. कोपऱ्यात कपाटाएवढा कूलर होता. मी दोघा वाढप्यांना हाताशी धरून तो स्टेजजवळ आणला. त्यात बादल्या भरभरून पाणी ओतलं. मठ्ठ्यासाठी आणलेली बर्फाची लादीसुद्धा आत घातली! आणि त्याचं तोंड बरोबर अंतरपाटाकडे करून, मान फिरवायची कळ दाबून, मी ऐटीत भाचीच्या मागं जाऊन उभा राहिलो. लग्नात नवरीच्या मागं मामानं उभं राहायचं असतं. तिथून सगळं नीट दिसतं. हे मी तक्रार म्हणून सांगतोय.

मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींच्या चार कडव्यांनंतर वऱ्हाडातल्या हौशी मंडळींची पाळी आली. प्रतीकच्या मावशीनं स्वतः रचलेलं मंगलाष्टक काढलं. त्यात दोन्ही घरांतल्या प्रत्येक माणसाचं नाव गुंफलेलं होतं, आणि आमची दोन्ही घरं मोठी आहेत! तिकडे कूलर मान फिरवून फिरवून गार, ओलं वारं सोडत होता. लोक सुखावून डोळे मिटत होते.

आधी वास आला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आज जेवायला गुळाच्या पोळ्या आहेत वाटतं!" मी अंतरपाटाकडे पाहिलं. ताठ उभं असलेलं ते कापड आता कमरेत वाकलं होतं. त्याच्यावर घाम आल्यासारखी लकाकी आली होती. आणि प्रत्येक "सावधान"ला लोक ज्या अक्षता टाकत होते, त्या खाली पडत नव्हत्या! एक एक तांदूळ कापडावर बसत होता आणि तिथंच राहत होता. मावशी प्रतीकच्या चुलत्यांपर्यंत पोचल्या, तोवर अंतरपाटाला तांदळाची कातडी आली होती.

गुरुजी ओठ न हलवता म्हणाले, "मामा, हे कापड ओघळतंय."

"चालू द्या," मी कुजबुजलो. "थोडंच राहिलंय!"

"माझी बोटं सुटत नाहीत!"

"मग घट्ट धरा!"

स्टेजवरच्या फुलांच्या सजावटीतून काळ्या मुंगळ्यांची एक रांग निघाली. ती घाई न करता, नीट एका ओळीत, अंतरपाटाच्या दिशेनं चालत येत होती. मी तिकडे पाहत होतो, एवढ्यात कूलरची मान फिरून परत आली, वाऱ्याचा झोत कापडात भरला आणि अख्खा अंतरपाट फुगून नवरदेवाच्या तोंडावर जाऊन बसला. त्या कोरलेल्या, तेल लावलेल्या दाढीवर!

त्याच क्षणी मावशी संपल्या. गुरुजींनी शेवटचं "सावधान" म्हटलं. टाळ्या पडल्या, बँड कडाडला, फटाके वाजले. गुरुजींनी अंतरपाट ओढला, आणि त्याच्याबरोबर नवरदेव निघाला!

"अहो, ओढू नका! दाढी! दाढी!" आतून प्रतीक ओरडत होता.

"सोडा तुम्ही!" गुरुजी ओरडत होते.

"मी धरलंच नाहीये!"

बँडवाल्यांना वाटलं, नवरदेव नाचायला निघालाय. त्यांनी आणखी जोर केला. ऋतुजा हातात हार घेऊन उभी होती आणि तिचा नवरा तोंडावर पडदा घेऊन दुसऱ्याच दिशेला चालला होता. आक्का एकच शब्द बोलली. "अशोक!"

आणि तिथं माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. काकवी पाण्यात विरघळते! मी कलशाशेजारचा पाण्याचा तांब्या उचलला, धावत गेलो आणि सगळा नवरदेवाच्या तोंडावर ओतला. मग दुसरा. तिसऱ्या तांब्याला कापड सुटलं. त्यातून प्रतीक बाहेर आला. मुंडावळ्या गळ्यात, फेटा कानावर, दाढीत मूठभर अक्षता. त्यानं श्वास घेतला, ओठांवरून जीभ फिरवली, थांबला, आणि पुन्हा एकदा फिरवली.

"गोड आहे की!" तो म्हणाला.

सगळं कार्यालय हसायला लागलं. हसल्या नाहीत त्या फक्त आत्याबाई. त्या पुढं आल्या आणि माणसं एकदम गप्प झाली. बँडसुद्धा थांबला. आक्कानं माझा दंड असा धरला होता, की त्याचे वळ चार दिवस राहिले. मी मनातल्या मनात ऋतुजाची माफी मागत होतो. सगळ्या घरात एकटीनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि तिचंच लग्न मी काकवीत बुडवलं होतं!

आत्याबाईंनी खाली पडलेल्या अंतरपाटाला बोट लावलं. बोट तोंडात घातलं.

"काकवी का हो?"

"हो," मी म्हणालो.

"ताजी?"

"गुऱ्हाळातली. ह्याच आठवड्यातली."

आत्याबाईंनी विचार केला. तो विचार मला मावशींच्या मंगलाष्टकापेक्षाही लांब वाटला. "मग अपशकुन कसला त्यात? संसार सुरू होण्याआधी पोराचं तोंड गोड झालं. आमच्याकडे असं कुणाचं झालं नव्हतं." आणि वळता वळता म्हणाल्या, "वेलची तेवढी घालायला हवी होती."

ऋतुजा इतकी हसत होती, की तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं. तिनं आधी नवऱ्याच्या दाढीतला एक तांदूळ अलगद काढला, मग हार घातला. ते पाहून मी रडलो. लोकांना वाटलं, भाची सासरी चाललीय म्हणून मामा रडतोय. मी कुणाला दुरुस्त केलं नाही.

अंतरपाट आम्ही मुंगळ्यांसकट कार्यालयामागं नेऊन ठेवला. जेवणं होईपर्यंत तिथल्या एका गाईनं तो सगळा खाल्ला. स्वस्तिकासकट! मातीला सहा महिने लागले असते, तिथं अर्ध्या तासात काम झालं. मी धावत जाऊन हे आक्काला सांगितलं. माझ्या मते हा प्रयोगाचा सर्वांत यशस्वी भाग होता. आक्का म्हणाली, "अशोक, ह्यापुढं फक्त जेवायला यायचं."

त्यानंतर दीड वर्षानं ऋतुजाचा फोन आला. तिला मुलगी झाली होती. "मामा, बारशाला दुपटं तुमच्याच हातचं हवं. केळीच्या धाग्याचं. मऊ."

"आणि आक्का?"

"आईला मी सांगते."

माझा आनंद काय सांगू! ह्या वेळी मी एकही चूक करणार नव्हतो. नवा धागा काढला, दोनदा उकळला, लाकडी मोगरीनं कुटून कुटून कापसासारखा मऊ केला. विणकरबाबांना दुप्पट सूत घालायला लावलं. खळ नाही, पेज नाही, काही म्हणजे काही नाही! पण उकळायला काहील तीच होती, नानांची. तिच्या कडेला कुठं गूळ राहिला असेल तर? बाळाच्या अंगाला मुंगी लागली तर? म्हणून ते दुपटं मी बारा वेळा धुतलं, आणि प्रत्येक वेळी वाळलं की चाटून पाहिलं. गोड लागत नव्हतं. तरी खात्री होईना.

बारशाच्या दिवशी आतल्या खोलीत पाळण्याची तयारी चालली होती. आक्कानं दुपटं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, उजेडासमोर धरलं, गालाला लावलं आणि परत माझ्या हातात दिलं. "घाल पाळण्यात. तूच घाल," ती म्हणाली. एवढं म्हणून ती बाहेर पाहुण्यांकडे गेली, आणि माझ्या मनात पुन्हा शंका आली. शेवटचं एकदा! मी भिंतीकडे तोंड केलं आणि दुपट्याचा मधला भाग चाटला. मग टोकं एकेक करून तोंडात घातली. शेवटचं टोक जरा जास्तच वेळ चाटत होतो, तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या.

दारात आत्याबाई उभ्या होत्या.

माझ्या तोंडात दुपट्याचं चौथं टोक होतं. मी ते बाहेर काढलं. म्हणालो, "गोड नाहीये."

आत्याबाईंनी माझ्याकडे अतिशय मायेनं पाहिलं. मग बाहेर जाऊन त्यांनी आक्काला हळूच सांगितलेलं सगळ्या घरानं ऐकलं. "अहो विहीणबाई, बारसं होईल निवांत. आधी तुमच्या भावाला जेवायला वाढा. भूक निघत नाहीये त्यांना."

बाळ माझ्या दुपट्यात गाढ झोपलं होतं, एक मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. आणि मी एकटाच, नाव ठेवण्याआधी, सगळ्यांच्या देखत पाटावर बसून जेवत होतो.